तुम्ही विचारलंत म्हणून: आजोबांच्या सायकलीची बोर्ड ट्रॅक रेसर होते का?

प्रश्न बहुतेक वेळा एकाच चालीचा असतो. "भाऊ, गावी आजोबांची चोवीस इंची (हे फ्रेमच्या उंचीचं माप, चाकाचं नव्हे) सायकल पडून आहे. त्या शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन रेसिंगच्या गाड्या असतात न, लांबलचक, खाली वाकलेल्या हँडलच्या, तशी बनते का? आणि इंजिन बसवता येते का?" विचारणारा काटोलचा असो, उमरेडचा असो की इथल्या नागपूरच्या सक्करदऱ्याचा, सायकल तीच असते आणि शंकाही त्याच.

बनते. सायकल म्हणून फार छान बनते. इंजिनाचं शेवटी सांगतो, कारण ते आधी सांगितलं की अर्धे लोक पुढचं वाचत नाहीत.

आधी ही गाडी होती काय ते पाहू, नाहीतर काय उचलायचं आणि काय सोडायचं ते ठरत नाही. 1910 साली लॉस एंजेलिसजवळ प्लाया डेल रे इथे एक मैल घेराचा, फळ्यांचा गोल लाकडी ट्रॅक, म्हणजेच बोर्ड ट्रॅक झाला. तो उभारणारा जॅक प्रिन्स हा मुळात सायकलपटू. सायकलींच्या शर्यतींसाठी तो असे लाकडी ट्रॅक आधीपासून बांधत होता, मग त्याच कल्पनेवर मोटारसायकली आल्या. आपल्या जत्रेतला मौत का कुआँ डोळ्यांसमोर आणा, तो याच घराण्यातला. फक्त तिथे भिंत उभी आणि इथे कललेली. गाड्यांना ब्रेक नसत. कारण सरळ होतं: सगळे एकाच वेगात एकामागे एक चिकटून पळतात, पुढच्याने ब्रेक दाबला तर मागचा त्याच्यावर चढणार. वेग कमी करायचा तर हँडलवरच्या बटणाने इंजिनाची ठिणगी तोडायची. इंजिनात गेलेलं तेल परत टाकीत यायचं नाही, ते बाहेर सांडायचं, आणि फळ्या त्याने निसरड्या व्हायच्या. 8 सप्टेंबर 1912 रोजी न्यूअर्कच्या ट्रॅकवर एडी हॅशा, आणखी एक स्वार आणि कठड्याला टेकून पाहणारी मुलं मेली. तेव्हापासून वर्तमानपत्रं या जागांना खुनी ट्रॅक म्हणू लागली. उघड्यावरचं लाकूड काही वर्षांत कुजायचंही. विशीचं दशक सरता सरता हा खेळ आटोपला.

म्हणजे ब्रेक नसणं ही त्या गाडीची ऐट नव्हती, त्या ट्रॅकची अट होती. सीताबर्डीच्या सिग्नलला तसा ट्रॅक नाही. नक्कल करायची ती रेषेची: चाकं मोठी, दांडीखाली लोंबती टाकी, मागे सरकलेली सीट आणि सीटच्याही खाली गेलेल्या मुठी. बाकी सगळं आपल्या रस्त्याच्या हिशेबाने.

आता आजोबांच्या सायकलीचं भाग्य बघा. बोर्ड ट्रॅकवरच्या गाड्यांची चाकं 28 इंची असायची. आपली दूधवाल्याची, पोस्टमनची काळी सायकल आजही 28 x 1½ च्या चाकावरच चालते. जगात बाकीच्यांना ही चाकं शोधावी लागतात. आपल्याकडे ती महाल-इतवारीतल्या कुठल्याही जुन्या सायकल दुकानात खुंटीला टांगलेली असतात. शिवाय चिमटा (पुढचं चाक धरणारा काटा) आधीच बराच तिरका आणि दोन चाकांमधलं अंतर लांब. रेषेचं निम्मं काम कारखान्यानेच करून ठेवलंय.

तुमची सायकल दुहेरी दांडीची असेल तर सोन्याहून पिवळं. वरच्या दोन दांड्यांच्या मधल्या गाळ्यात टाकी बसते, आणि जुन्या गाड्यांतही ती अशीच दोन नळ्यांमध्ये धरलेली असायची. एकेरी दांडी असेल तर टाकी दांडीखाली पट्ट्यांनी लटकवावी लागते. तेही चालतं, पण बाजूने पाहिलं की जरा पाहुणी वाटते.

विकत घेत असाल तर फ्रेम अशी तपासा. पुढून धडकलेल्या सायकलीची तिरकी नळी हँडलच्या सॉकेटपासून दोन-तीन इंचांवर खालच्या बाजूला फुगते. रंगावरून बोट फिरवलं की उंचवटा हाताला लागतो. लागला तर ती फ्रेम सोडा. दूधवाल्याच्या सायकलीत मागचे पाय वाकडे असतात, कारण वर्षानुवर्षं कॅन एकाच बाजूला जास्त. त्यासाठी दोरीची परीक्षा: मागच्या एका अ‍ॅक्सलच्या खाचेपासून दोरी काढा, हँडलच्या उभ्या नळीला पुढून वळसा द्या आणि दुसऱ्या खाचेला बांधा. मग सीटच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडच्या दोरीचं अंतर मोजा. दोन मिलीमीटरपर्यंत फरक चालतो. पाच असेल तर रंगाआधी फ्रेम सरळ करून घ्या, कारण नंतर चाक कितीही नीट लावलं तरी चेन एका बाजूला घासत राहते. सीटची नळी फ्रेममध्ये गंजून बसली असेल तर हातोडी उचलू नका. तोंडाशी डिझेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पिळून पाहा, परत डिझेल. तीन-चार दिवस लागतात, पण निघते.

फ्रेम कापायचा मोह होतो. सीट आणखी खाली हवी म्हणून उभी नळी चार इंच छाटायची, दांडी खाली घ्यायची, असं फोटो पाहून ठरवलं जातं. करू नका. एक तर या सायकलीच्या नळ्या सॉकेटमध्ये पितळ भरून जोडलेल्या असतात. त्या जोडाजवळ साधं इलेक्ट्रिक वेल्डिंग केलं की पितळ वितळून वेल्डमध्ये मिसळतं आणि वेल्ड स्पंजासारखा पोकळ होतो. वरून गुळगुळीत घासला तर दिसतही नाही, आणि तुटतो तो नेमका जोडाच्या शेजारी. काही जोडायचंच असेल तर गॅसवर, टाकणखार लावून, पितळी सळीनेच. दुसरं, ही सायकल पायडल मारून चालवायची आहे. सीट चार इंच खाली गेली की गुडघा छातीला येतो आणि अंबाझरीपर्यंत जाऊन परत येताना तो बोलायला लागतो. मूळ गाडीवर शर्यतीत कोणी पायडल मारत नव्हतं, म्हणून त्यांना ती बैठक परवडली.

मग बुटकेपणा आणायचा कसा? डोळ्याला फसवून. सीट आहे त्या उंचीलाच ठेवा, पण दीड-दोन इंच मागे सरकवा. जुन्या सीटच्या क्लिपा उलट्या फिरवल्या की तेवढं मिळतं. मुठी सीटच्या पातळीपासून तीन ते चार इंच खाली आणा. टाकीची खालची कड जमिनीला समांतर ठेवा. मडगार्ड, कॅरियर, चेनकव्हर, स्टँड काढून टाका. पाठ लांब दिसली की गाडी आपोआप बुटकी दिसते. मडगार्डचे कान मात्र फ्रेमवरून कापू नका. जूनमध्ये पहिल्या पावसात पाठीवर चिखलाची रेघ उमटली की ते आठवतात.

हँडलवर जरा वेळ घालवा, सगळा चेहरा तिथे आहे. रॉड ब्रेकच्या, म्हणजे केबलऐवजी सळ्यांनी ब्रेक ओढणाऱ्या सायकलीचं हँडल आणि त्याची उभी दांडी एकच जोडलेला तुकडा असतो, त्यामुळे ते नुसतं उलटं करून बसवता येत नाही. वेगळा स्टेम, म्हणजे हँडल पकडणारी सुटी उभी दांडी लागते. आत जाणारी नळी पाऊण नव्हे, 7/8 इंच म्हणजे 22.2 मिलीमीटरची, कॅलिपर घेऊनच दुकानात जा. हँडलसाठी 7/8 इंचाचा 16 गेजचा काळा पाइप घ्या, साधारण 34 इंच. गॅल्व्हनाइज्ड नको, तापवताना जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीत बसतो. नळाचा पाइपही नको, त्याचे इंच वेगळे असतात.

वाकवण्याची जुनी पद्धतच सगळ्यात चांगली. वाळू चाळून तव्यावर भाजून घ्या, अगदी कोरडी होईपर्यंत. ओल राहिली तर तापल्यावर वाफ होते आणि तोंडाचं बूच गोळीसारखं सुटतं. पाइपच्या एका टोकाला लाकडी बूच ठोका, वाळू भरा, भरताना पाइपवर बाहेरून टकटक करत राहा. वाळू खाली बसते, मग आणखी भरा. टकटक केल्यावर आवाज पोकळ न येता मातीच्या भिंतीसारखा येऊ लागला की दुसरं बूच. आता पाइपची शिवण शोधा; आतून किंवा उन्हात तिरपं धरून दिसते. ती बाकाच्या बाहेरच्या अंगाला येऊ द्यायची नाही, कुशीला ठेवायची, नाहीतर ताणाने उकलते. जिथे बाक हवा तिथे चार-पाच इंचांचा पट्टा लालबुंद करा आणि लाकडी ठोकळ्याभोवती एका दमात, पण सावकाश वळवा. ठोकळ्याचा बाक किमान 65 मिलीमीटर त्रिज्येचा, म्हणजे पाइपच्या तिप्पट. त्याहून तंग घेतला तर वाळू असूनही आतल्या अंगाला सुरकुती पडते. पाणी मारून थंड करू नका, हवेत निवू द्या. दुसरी बाजू वाकवताना पहिली बाजू कागदावर आखून घ्या. "अंदाजे सारखी" केलेली हँडलं दुरूनच तिरळी दिसतात. एक साधा मेळ लक्षात ठेवा: एक इंची 16 गेज पाइपचा आतला व्यास जेमतेम 22 मिलीमीटर असतो. त्याचा तीन इंची तुकडा उभा चिरून मधोमध चढवला की 25.4 च्या स्टेमच्या पकडीत हँडल चपखल बसतं. पितळाने डाग देऊन टाका म्हणजे फिरणार नाही.

मुठींना रबर चांगलं दिसत नाही. सुती फीत घट्ट गुंडाळा आणि वर चपडा (शुद्ध केलेली लाख) लावा, 100 मिलीलीटर स्पिरिटला 20 ते 25 ग्रॅम, रात्रभर विरघळवून. तीन हात. पहिला हात फीत पिऊन टाकते, तिसऱ्यानंतर मधासारखा रंग येतो. गोंदिया-भंडाऱ्याकडची लाख आपल्याला परकी नाही, वापरायचं मात्र सुचत नाही.

आता ब्रेक. इथेच बहुतेक सायकली फसतात. रॉड ब्रेकच्या सळ्या काढल्या की गाडी एकदम मोकळी दिसते, आणि मग कळतं की या रिमला दुसरा कुठलाच ब्रेक लागत नाही. रेंजरसारखा चिमटीचा ब्रेक रिमच्या बाजूच्या सपाट कडेला पकडतो. आपल्या रिमची बाजू गोल असते. तिचे ब्रेक रबर आतून, तारांच्या बाजूने दाबले जातात. ब्रेकवाला मागचा हब (चाकाचा मधला भाग, ज्यात तारा अडकतात) आणून बसवू म्हणाल तर भोकं जुळत नाहीत. आपल्या पुढच्या रिमला 32 भोकं, मागच्या रिमला 40. बाजारातले नवे हब बहुतेक 36 भोकांचे. या आकड्यांवर अख्खे प्रकल्प थांबलेत.

वाट अशी आहे: सळ्या काढा, पण रबर धरणारे यू आकाराचे सांगाडे ठेवा आणि ते केबलने ओढा. पुढचा सांगाडा वर ओढला की रबर रिमला आतून लागतात, म्हणून केबलच्या बाहेरच्या आवरणाचा थांबा वर, हँडलच्या लॉकनटखाली पट्टी घालून बसवायचा. मागचा सांगाडा चाकापासून पायडलकडे, म्हणजे पुढे ओढावा लागतो, म्हणून त्याचा थांबा तिरक्या नळीच्या तळाशी, पायडलच्या एक्सलच्या जरा वर. तिथे एक क्लिप घट्ट करा, खाली चामड्याचा तुकडा घाला म्हणजे रंग सोलत नाही आणि क्लिप सरकतही नाही. पुढचा सांगाडा स्वतःच्या वजनाने खाली पडतो. मागचा पडत नाही, तो रिमला चिकटून राहतो. उघड्या केबलवर एक दाबाची स्प्रिंग ओवली की सुटतो. चिमट्यावरच्या ज्या दोन छोट्या खुंट्या सांगाड्याला सरळ ठेवतात त्या शोभेसाठी काढू नका. काढल्या तर ब्रेक दाबताच सांगाडा मागे-पुढे पळतो आणि तारांत अडकू शकतो. रबर आणि रिममध्ये दोन ते तीन मिलीमीटर फट ठेवा.

या ब्रेकमुळे चाकाचा आऊट काढायची, म्हणजे चाक सरळ फिरेल असं करायची रीतही बदलते. दुकानदार सवयीने डावी-उजवी डुग काढतो. इथे रबर रिमला खालून वर दाबले जातात, म्हणून वर-खालची उडी जास्त महत्त्वाची. ती एक मिलीमीटरच्या आत आणा, नाहीतर प्रत्येक फेऱ्यात ब्रेक एकदा धरतो, एकदा सोडतो. चाक रंगवणार असाल तर रिमचा आतला पट्टा कोराच ठेवा. आणि पावसात क्रोमच्या रिमवर हे ब्रेक निम्मेच उरतात. ओल्या रस्त्यावर दुप्पट अंतर ठेवा, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

टायर घेताना आकडा वाचा, दुकानदाराचा शब्द नाही. "अठ्ठावीसचा द्या" म्हटलं की कधी कधी 700 सीचा टायर हातात येतो, कारण त्यावरही 28 छापलेलं असतं. त्याची बैठक, म्हणजे टायर रिमवर बसतो तिथला व्यास, 622 मिलीमीटरची. आपल्या 28 x 1½ ची 635. तेरा मिलीमीटरचा फरक, तो टायर लिव्हरने काय, दैवानेही चढत नाही. बाजूवर 40-635 लिहिलंय का तेवढं पाहा. जुन्या गाड्यांचे टायर पांढुरके असत, कारण रबरात काजळी घालायची पद्धत तेव्हा रुळली नव्हती. क्रीम रंगाचे मिळाले तर घ्या, नाही मिळाले तर काळेच राहू द्या. ऑइल पेंटने पांढरे केलेले टायर आठवड्यात मगरीच्या पाठीसारखे तडकतात.

हवेचं एक गणित नागपूरसाठी खास. मे महिन्यात पहाटे 25 अंशाला 45 पीएसआय हवा भरली आणि दुपारी सायकल उन्हात उभी राहून ट्यूब 55 अंशाला गेली, तर आतला दाब 51 च्या आसपास जातो. नव्या ट्यूबला काही होत नाही. जुन्या पंक्चरची पट्टी मात्र तेवढ्यात सुटते, आणि माणूस रस्त्यावर खिळा शोधत बसतो.

गिअर एकच, आणि तोच शोभतो. पुढे 44 दाते, मागे 18 असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 5.4 मीटर जाते, मिनिटाला 80 फेऱ्या मारल्या की ताशी 26 किलोमीटर. बास आहे. 48 चं चेनव्हील दिसायला भारी, पण उड्डाणपुलाच्या चढावर उतरून ढकलावं लागतं. चेनव्हीलचा एक दात सोडून एक दात घासून काढला की जुन्या एक इंची चेनचा आभास होतो. दात्यांचा आकडा सम असेल तरच हे चालतं, आणि उरलेले दात दुप्पट लवकर झिजतात. हौस असेल तर करा.

क्रँक (पायडलची दांडी) काढताना कॉटरवर, म्हणजे ती एक्सलला पक्की धरणाऱ्या पाचरीवर, थेट हातोडा मारू नका. नट सैल करून आट्याच्या तोंडाशी आणा, क्रँकखाली पाइपचा तुकडा टेकू म्हणून लावा, मग एकच ठाम घाव. टेकू नसेल तर तो घाव छर्ऱ्यांच्या कपावर जातो आणि तिथे खड्डे पडतात. दुकानात जुना कॉटर सोबत न्या, 9 आणि 9.5 मिलीमीटर दोन्ही मापं फिरतात. बसवताना दोन्ही कॉटर उलट-सुलट दिशेने. दोन्ही एकाच बाजूने घातले की पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि पाय लंगडल्यासारखा फिरतो. उघडलंच आहे तर छर्रे सगळे नवे घाला: पायडलच्या एक्सलला पाव इंची, एका बाजूला 11, मागच्या हबला पाव इंची 9, पुढच्या हबला 3/16 चे 10. पायडलच्या एक्सलचा उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, हे विसरून जोर लावणाऱ्यांनी कित्येक पाने वाकवलेत.

टाकी रिकामी असली तरी तिच्याशिवाय ही नुसती नागडी सायकल. आधी पुठ्ठ्याची करा, चिकटपट्टीने लावून दोन दिवस चालवा. लांबी साधारण 18 इंच, उंची दोन दांड्यांचा गाळा असेल त्यापेक्षा पाव इंच कमी. रुंदी पुढे चार इंच चालते, मागे तीनच. मोटारसायकलच्या टाकीसारखी मागे रुंद केली तर दर फेऱ्याला मांडी घासते. पुठ्ठ्यावर कुठे घासलं ते दिसतं, पत्र्यावर फक्त पश्चात्ताप दिसतो. मग तो पुठ्ठा घेऊन पेट्या-डबे करणाऱ्या कारागिराकडे जा. 24 गेजचा पत्रा, कडा दुमडून आतून कथलाचा डाग. वर एक पितळी झाकण, टॉर्चचं जुनं मिळालं तरी चालेल. आत पंक्चरचं सामान, पाना, कपड्यात गुंडाळून. नाहीतर सिमेंट रोडच्या प्रत्येक सांध्याला घुंगरू वाजतात. टाकी आणि दांडी यांच्यात नमद्याची पट्टी घाला.

रंगात दोन चुका हमखास होतात. जस्ताच्या नव्या पत्र्यावर थेट रंग मारला की तो महिनाभरात पापुद्र्यांनी निघतो. आधी वॉश प्रायमर लागतो. दुसरी महागडी. हिंगण्याच्या एमआयडीसीत फ्रेम पावडर कोटिंगला देताना टाकीही सोबत दिली जाते. पावडरची भट्टी 180 ते 200 अंशांची, आणि 60/40 चं डागाचं कथील 185 च्या आसपासच वितळतं. टाकी परत येते ती पत्र्याचे तुकडे होऊन. फ्रेमला पावडर चालते, आटे आणि कपाच्या जागा टेपने झाकायला सांगा. टाकीला फवाऱ्याचाच रंग. तोही दिवाळी ते फेब्रुवारी या दिवसांत. मे महिन्यात थेंब हवेतच सुकून खरखर येते, जुलैत लॅकरवर पांढरी धुरी चढते.

कुठला रंग, यावर माझं मत आहे. इंडियनचा लाल, सायक्लोनचा पिवळा, हार्लेचा करडा, सगळे सुंदर. पण फ्लाइंग मर्केल नावाची गाडी नारिंगी होती, आणि तो रंग नागपूरने सोडून दुसऱ्या कोणी लावायचा? टाकीवर मात्र परदेशी कंपनीचं नाव लिहू नका. हाताने पाट्या रंगवणारा पेंटर अजून सापडतो. त्याच्याकडून आजोबांच्या गावाचं नाव देवनागरीत, सावली टाकून लिहून घ्या.

चामड्याची सीट लावली असेल तर उन्हाळ्याआधी एकदा आणि पावसाआधी एकदा, खालच्या अंगाने मेण-तेल चोळा. वरून तेलाने न्हाऊ घातली तर ती झोळीसारखी खाली बसते.

आता इंजिन. ऑनलाइन 49 किंवा 80 सीसीचे किट दिसतात, त्यावरून विचारता. मोटार वाहन कायदा 1988 नुसार चारपेक्षा कमी चाकांची आणि 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाची गाडी मोटार वाहनात धरत नाहीत. त्यावर गेलं की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं, आणि घरी जोडलेल्या सांगाड्याला नोंदणीसाठीची मान्यता मिळवणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही. जुनी राजदूत किंवा बुलेट कापून करू म्हणाल तर कलम 52 आडवं येतं. कंपनीने दिलेल्या तपशिलाहून वेगळी गाडी करता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी वर सांगितलेले ब्रेक ताशी 25 ला पुरतात, 50 ला नाही. चिमटाही त्याच वेगासाठी केलेला आहे.

बॅटरीची मोटर 250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतली असेल तर ती नोंदणीतून सुटते. पण तिथेही तो 36 भोकांचा आणि 622 चा घोळ आहेच: किटचं चाक 700 सीचं येतं, मग आपले आतून लागणारे ब्रेक त्याला निरुपयोगी. म्हणजे दोन्ही चाकं आणि ब्रेक बदला, आणि पातळ चिमट्याच्या खाचेत मोटरचा अ‍ॅक्सल फिरू नये म्हणून आडवी लोखंडी पट्टी लावा. एवढं केल्यावर आजोबांच्या सायकलीतली उरली किती, ते तुम्हीच मोजा. लाकडाचं खोटं इंजिन करून फ्रेममध्ये बसवणारेही आहेत. लग्नाच्या मांडवात ते छान दिसतं.

पहिल्यांदा काढाल तेव्हा रविवारी पहाटे काढा, सिव्हिल लाइन्स ते फुटाळा, रस्ता मोकळा असतो. सिमेंट रोड आणि कडेचे गट्टू यांच्यामधली उभी फट दीड इंची टायरला बरोबर मापाची असते. ती ओलांडायची तर आडवी, तिरपी कधीच नाही. घंटी ठेवा, मागे लाल रिफ्लेक्टर ठेवा. वीस किलोमीटर झाले की घरी येऊन दोन्ही कॉटरचे नट पुन्हा आवळा. नवा कॉटर पहिल्या दिवशी हमखास बसतो आणि नट सैल पडतो. दोन्ही केबलही तेवढ्यात ताणलेल्या असतात. त्या अर्धा सेंटीमीटर खेचून घ्या आणि मगच दुसऱ्याला चालवायला द्या.